दोन वेळा सारख्या केव्हां मानाव्या?

अंकगणितांतील समतेचें चिन्ह आपण पहिल्या इयत्तेपासून पाहत आलों आहों. इ. स. १५५७ मध्यें रॉबर्ट रेकॉर्ड नांवाच्या वेल्समधील एका गणितज्ञानें तें प्रथम छापलें. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या अशा दुसऱ्या दोन वस्तु असूं शकत नाहींत, म्हणून हें चिन्ह निवडलें, असें कारण त्यानें दिलें आहे. चार आणि तीन मिळून सात होतात, येथें वादाला जागा नाहीं. परंतु हेंच चिन्ह दोन वेळांच्या मध्यें मांडलें, म्हणजे "सकाळचे दहा बरोबर सकाळचे दहा" असें लिहिलें, तर तें खरें कीं खोटें? पुष्कळ विद्यार्थी हा प्रश्न ऐकून हंसतील. तथापि संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणाऱ्या जाणत्या लोकांनीं या प्रश्नाचा पुष्कळ खल केला आहे, आणि त्यांनीं दिलेलीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नाहींत. असें कां व्हावें, आणि त्याचा आपल्या घरच्या व्यवहाराशीं संबंध कोठें येतो, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. पृथ्वी स्वतःभोंवतीं २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात. यवतमाळ ग्रिनिचच्या पूर्वेस ७८ अंशांहून किंचित् अधिक अंतरावर आहे. तेव्हां सरासरी सूर्याच्या हिशेबानें येथील घड्याळ ग्रिनिचच्या घड्याळापुढें सुमारें ५ तास साडेबारा मिनिटें असावयास पाहिजे. याच हिशेबानें मुंबईचें घड्याळ ४ तास ५१ मिनिटें पुढें येतें आणि कलकत्त्याचें ५ तास ५३ मिनिटें. जोंपर्यंत मनुष्य बैलगाडीनें प्रवास करीत होता, तोंपर्यंत या फरकानें कोणाचें कांहीं अडत नव्हतें. प्रत्येक गांव आपल्या सूर्यावर चाले. आगगाडी आल्यावर मात्र अडचण उत्पन्न झाली. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला आणि धामणगांव हें यवतमाळकरांचें जवळचें स्टेशन झालें. आगगाड्या सर्व देशभर मद्रासच्या वेळेनें धांवत, व ती वेळ ग्रिनिचच्या पुढें ५ तास २१ मिनिटें होती. धामणगांव यवतमाळच्या जवळजवळ सरळ उत्तरेस असल्यामुळें दोन्ही ठिकाणचा सूर्य एकच. परंतु स्टेशनांतील घड्याळ त्या सूर्याच्या आठ-नऊ मिनिटें पुढें असे. गाडी चुकविण्यास आठ मिनिटें पुरेशीं होतात!

मुंबईची हकीकत याहून मौजेची आहे. १८८१ सालीं तेथील सरकारनें मद्रासची वेळ मुंबईस लागू करण्याचा हुकूम काढला. परंतु लोकांनीं इतका विरोध केला कीं दोन वर्षांतच तो बेत सोडून द्यावा लागला. पुढें १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. ती ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास आहे. आगगाड्यांनीं ती स्वीकारली, पण मुंबई शहरानें आपली जुनी वेळ सोडली नाहीं. ती तेथें १९५५ पर्यंत चालू राहिली. कलकत्त्यासहि स्वतःची वेळ १९४८ पर्यंत चालत असे. म्हणजे जवळजवळ अर्धें शतक मुंबईंत असा प्रकार होता कीं आगगाडीचें घड्याळ ९ वाजून ३९ मिनिटें दाखवी तेव्हां शहराचें घड्याळ ९ वाजल्याचें सांगे. दोन्ही घड्याळें खरीं होतीं. दोहोंवरील आंकडे निराळे होते, परंतु क्षण एकच होता. उलट, दोहोंवर नऊचा आंकडा दिसे तेव्हां ते दोन क्षण एकमेकांपासून ३९ मिनिटें दूर असत.

याहून अवघड प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत आला. १ सप्टेंबर १९४२ पासून सर्व देशाचें घड्याळ एक तास पुढें करण्यांत आलें आणि १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यास तें पुनः मागें घेण्यांत आलें. ज्या रात्रीं घड्याळ मागें घेतलें, त्या रात्रींचा एक तास घड्याळानें दोनदां मोजला. समजा, त्या तासांत एका घरीं जुळीं मुलें जन्मलीं. एक पहिल्या फेरींत आणि दुसरें दुसऱ्या फेरींत. दोघांची जन्मवेळ वहींत मिनिटासह एकच लिहिली गेली असेल, परंतु एक दुसऱ्याहून पुऱ्या एका तासानें वडील असेल. अशा दोन नोंदी सारख्या म्हणाव्या काय?

आतां आपल्या लक्षांत येईल कीं "वेळ" या एका शब्दाखालीं आपण निरनिराळ्या वस्तु दडवितों. पहिली वस्तु म्हणजे क्षण. तो सर्व जगाला एकच. यवतमाळांत, लंडनमध्यें व टोकियोंत त्याला निरनिराळे आंकडे लावले तरी तो बदलत नाहीं. दुसरी वस्तु म्हणजे तबकडीवरील वाचन. "शाळा अकरा वाजतां भरते" असें आपण म्हणतों तेव्हां हें वाचनच अभिप्रेत असतें. कोणताहि एक क्षण नव्हे. तिसरी वस्तु म्हणजे दिनांक, म्हणजे पंचांगांतील एक घर. त्याला तास नाहींत आणि मिनिटेंहि नाहींत. या तीन वस्तूंची बरोबरी तीन निरनिराळ्या प्रकारांनीं ठरते. कोणती बरोबरी हवी हें न सांगतां "या सारख्या आहेत काय?" असें विचारणें म्हणजे "हीं दोन पोतीं सारखीं आहेत काय?" असें विचारण्यासारखें आहे. वजनानें, मापानें, कीं आंतील कापसाच्या जातीनें, हें सांगितल्यावांचून कोणता व्यापारी उत्तर देईल?

दिनांकाच्या बाबतींत तर आपण महाराष्ट्रीय लोक या अडचणीशीं पिढ्यान् पिढ्या परिचित आहों. आपल्याकडे महिना अमावास्येस संपतो, उत्तर हिंदुस्थानांत तो पौर्णिमेस संपतो. शुक्ल पक्षाचें नांव दोहोंकडे एकच असतें, परंतु कृष्ण पक्षाला उत्तरेकडे पुढच्या महिन्याचें नांव मिळतें. यामुळें गोकुळअष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीस येते, तर उत्तरेकडील पंचांगांत ती भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. सण एक, रात्र एक, चंद्र एक. नांवें मात्र दोन. उत्तरेकडून आलेल्या व्यापाऱ्याच्या वहींतील "भाद्रपद वद्य आठ" ही मिति आपल्या पंचांगांतील त्याच नांवाच्या मितीशीं जुळविणारा कारकून एका महिन्यानें चुकेल. ख्रिस्ती जगांतहि असेंच आहे. रशियांतील मंडळी नाताळ ७ जानेवारीस पाळते असें आपण वाचतों. परंतु ती मंडळी जें जुनें ज्यूलियन पंचांग मानते त्यांत तो दिवस २५ डिसेंबरच असतो. तेव्हां नांवाच्या सारखेपणावरून वस्तूचा सारखेपणा ठरवूं नये, आणि नांवाच्या भेदावरून वस्तूचा भेदहि ठरवूं नये.

मनुष्य अशा ठिकाणीं संदर्भ पाहून सांवरून घेतो. संगणकास संदर्भ समजत नाहीं. त्याला जेवढें सांगितलें तेवढेंच तो करतो. म्हणून प्रोग्रामाची भाषा रचणाऱ्याला अगोदरच ठरवावें लागतें कीं वेळेच्या दोन वस्तु केव्हां सारख्या मानावयाच्या. हा निर्णय निरनिराळ्या भाषांनीं कसा केला तें पाहण्यासारखें आहे. एक नोंद अशी घ्या : "सकाळचे १०, ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास." दुसरी त्याच दिवसाची : "पहाटेचे साडेचार, ग्रिनिच." क्षण एकच आहे. पायथन नांवाच्या भाषेस विचारलें तर ती या दोन नोंदी सारख्या आहेत असें सांगते. डॉटनेटमध्यें अशा नोंदीसाठीं जो प्रकार आहे तोहि त्या सारख्याच मानतो. परंतु आंकडे व अंतर दोन्ही तंतोतंत जुळतात काय, हें विचारण्यासाठीं त्यानें निराळा प्रश्न ठेवला आहे. २०१४ सालीं जावा भाषेंत वेळेची जी नवी मांडणी आली तिनें नेमकें उलट केलें. तेथें साध्या बरोबरीच्या प्रश्नास "नाहीं" असें उत्तर येतें, कारण आंकडे निराळे आहेत. क्षण तोच काय, हें विचारावयाचें असल्यास दुसरा प्रश्न विचारावा लागतो. आणि जावास्क्रिप्टमध्यें साध्या समताचिन्हानें विचारलें तर तेथें तिसरीच बरोबरी निघते. एकच क्षण दाखविणाऱ्या दोन निरनिराळ्या वस्तूंस ती भाषा असमान म्हणते, कारण "या दोन वस्तु नसून एकच वस्तु आहे काय?" एवढेंच ती पाहते.

यांपैकीं कोण चुकलें? माझ्या मतें कोणीहि नाहीं. प्रत्येकानें एका निराळ्या प्रश्नाचें खरें उत्तर दिलें आहे. चूक होते ती प्रोग्राम लिहिणारा एक प्रश्न मनांत धरून दुसरा विचारतो तेव्हां.

तथापि बरोबरीचा अर्थ कोणताहि घेतला तरी तिला तीन नियम पाळावेच लागतात, व ते भूमितीच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत. प्रत्येक वस्तु स्वतःशीं सारखी असली पाहिजे. 'अ' हा 'ब' सारखा असेल तर 'ब' हा 'अ' सारखा असला पाहिजे. आणि 'अ' 'ब' सारखा व 'ब' 'क' सारखा असेल तर 'अ' 'क' सारखा असला पाहिजे. हे नियम इतके उघड वाटतात कीं ते कोण मोडील असा प्रश्न पडावा. पण ते मोडले गेले आहेत. जावामध्यें दिनांकाचा एक जुना प्रकार होता व त्यापासून टाइमस्टॅम्प नांवाचा दुसरा प्रकार काढला होता. हा दुसरा प्रकार सेकंदाचा अब्जांश भागहि जपून ठेवतो. जुन्यास विचारलें तर तो टाइमस्टॅम्पला आपल्यासारखा म्हणूं शकतो. परंतु टाइमस्टॅम्पला विचारलें तर तो जुन्यास कधींच आपल्यासारखा म्हणत नाहीं. हा एकतर्फी नातेसंबंध त्या भाषेच्या अधिकृत माहितींतच नमूद आहे. तिसरा नियम मोडण्याचा मोह याहून मोठा असतो. घड्याळें थोडीं मागेंपुढें असतात, म्हणून "पांच मिनिटांच्या आंतील वेळा सारख्या मानाव्या" असें कोणी ठरविलें, तर दहा आणि दहा-पांच सारखे, दहा-पांच आणि दहा-दहा सारखे, परंतु दहा आणि दहा-दहा मात्र निराळे! या रीतीनें पांच-पांच मिनिटें पुढें सरकत गेल्यास सकाळ व संध्याकाळ यांतहि भेद उरणार नाहीं. जवळ असणें आणि समान असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, व त्यांस निराळीं नांवें दिलीं पाहिजेत.

येथें आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. संगणक पुष्कळ वस्तु सांठवितो तेव्हां पोस्टांतील पत्रांच्या खणांप्रमाणें त्यांची वांटणी करतो. प्रत्येक वस्तूवरून तो एक संख्या काढतो, तिला हॅश म्हणतात. त्या संख्येवरून खण ठरतो, आणि पुढें शोध घेतांना तो त्याच खणांत पाहतो. आतां दोन वेळा सारख्या मानल्या, परंतु त्यांच्या संख्या मात्र निराळ्या काढल्या, तर काय होईल? एकाच पत्त्याचीं दोन पत्रें दोन खणांत पडतील, आणि पोस्टमन एक खण पाहून "दुसरें पत्र आलेंच नाहीं" असें सांगेल. म्हणून ज्या गोष्टीवरून बरोबरी ठरवावयाची, तिच्यावरूनच ती संख्याहि काढली पाहिजे. बरोबरी क्षणावरून ठरत असेल तर हॅशहि क्षणावरूनच निघावा, तबकडीवरील आंकड्यांवरून नव्हे.

आतां सर्वांत नाजूक मुद्दा. वहींत नुसतें "सकाळचे १०" असें लिहिलें आहे आणि कोणत्या गांवचे हें लिहिलेलें नाहीं. तर तो कोणता क्षण हें कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. अशी अपुरी नोंद पुऱ्या नोंदीशीं ताडून पाहिली तर पायथन भाषा "सारख्या नाहींत" असें उत्तर देते. पण यांतील अगोदरची कोणती असें विचारलें तर ती उत्तर देण्याचें साफ नाकारते व चूक झाल्याची सूचना देते. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. अपुऱ्या माहितीवरून आत्मविश्वासानें दिलेलें उत्तर हें न दिलेल्या उत्तराहून अधिक घातक असतें. महायुद्धांतील त्या दोनदां मोजलेल्या तासासारख्या प्रसंगासाठीं २०१६ सालीं पायथनांत "पहिला कीं दुसरा" हें सांगणारी एक खूण वेळेस जोडण्याची सोय झाली. तथापि एकाच स्थळाच्या दोन वेळांची बरोबरी पाहतांना ती खूण विचारांत घेतली जात नाहीं. आपल्या उदाहरणांतील जुळ्या मुलांच्या वेळा ती भाषा सारख्याच म्हणेल. तसेंच, जगांतील बहुतेक संगणक स्थळवेळांचा जो सामायिक नोंदसंग्रह वापरतात, त्यांत आपल्या सर्व देशासाठीं "एशिया/कोलकाता" ही एकच नोंद आहे. मुंबईच्या जुन्या वेळेस त्यांत निराळें स्थान नाहीं. म्हणून १९१० सालच्या मुंबई शहराच्या घड्याळाची वेळ कोणी संगणकास सांगितली, तर तो ती प्रमाणवेळ समजेल व ३९ मिनिटांनीं चुकेल. आणि चुकल्याचें त्याला कळणारहि नाहीं.

पालकांस वाटेल कीं हा सर्व पंडितांचा विनोद आहे. आपल्या मुलांचें त्यावांचून काय अडलें? त्यांच्यासाठीं एकच उदाहरण देतों. मुलाची जन्मतारीख "१ जून" अशी शाळेंत लिहून दिली. ती संगणकांत भरणाऱ्या प्रोग्रामानें दिनांकास क्षण समजून "१ जूनच्या मध्यरात्रीचे १२, हिंदुस्थानची वेळ" असें मानलें, व सांठवितांना तिचें ग्रिनिचच्या वेळेंत रूपांतर केलें. ती वेळ झाली ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. पुढें दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामानें तींतील नुसता दिनांक वाचला आणि दाखल्यावर छापला, "३१ मे". कोणी खोटें बोललें नाहीं, कोणाचा हात चुकला नाहीं, आणि तरी मुलाचा जन्म एक दिवस अगोदर झाला! शाळेच्या पटावर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी, अशा स्थितींत प्रवेशासाठीं किंवा नोकरीसाठीं वयाची मर्यादा नेमकी त्याच दिवशीं पडली, तर त्या एका दिवसासाठीं गरीब बापास किती खेटे घालावे लागतील हें सांगणें नको. जन्मतारीख हा दिनांक आहे, क्षण नव्हे. दिनांकाची बरोबरी दिनांकाशींच पाहावी, हें तत्त्व त्या प्रोग्रामाच्या कर्त्यानें पाळलें असतें तर हें टळलें असतें. म्हणून दाखला हातीं पडतांच त्यावरील तारीख मूळ नोंदीशीं ताडून पाहणें, हें पालकांनीं आपलें कर्तव्य समजावें.

जे विद्यार्थी पुढें ही विद्या शिकतील त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली : क्षण, तबकडीवरील वाचन आणि दिनांक यांस निराळे प्रकार समजावें व त्यांची सरमिसळ होऊं देऊं नये. दुसरी : आपण कोणत्या प्रकारची बरोबरी विचारतों आहों हें प्रश्नाच्या नांवांतच स्पष्ट असावें, "तोच क्षण काय?" हा एक प्रश्न आणि "तंतोतंत तीच नोंद काय?" हा दुसरा. तिसरी : बरोबरीचे तीन नियम कोणत्याहि सोयीसाठीं मोडूं नयेत, आणि हॅश बरोबरीशीं सुसंगत ठेवावा. चौथी : जेथें माहिती अपुरी आहे तेथें प्रोग्रामानें तर्कानें भर घालूं नये, थांबून विचारावें. वेळ लिहितांना स्थळ लिहिण्याची संवय ज्यास आहे, त्याच्यावर हा शेवटचा प्रसंग क्वचितच येईल.

ही शिस्त यंत्रासाठींच आहे असें नव्हे. "दोघे भाऊ सारखेच", "दोन्ही पक्ष सारखेच", "दोन्ही चुका सारख्याच", असे उद्गार आपण दिवसांतून किती वेळां काढतों! कोणत्या बाबतींत सारखे, हें सांगण्याचे कष्ट आपण घेत नाहीं आणि मग त्या शब्दावरून व्यर्थ कलह माजतात. संगणकास कोणतीहि गोष्ट शिकवूं गेलें कीं तो आपणांस "म्हणजे काय?" असें विचारावयास लावतो. हा प्रश्न जो स्वतःस वेळेवर विचारतो, त्याचें बोलणें मोजकें होतें व त्याचा हिशेब सहसा चुकत नाहीं.